मेमरी संपली की आधी कुणाचा नंबर?

लिनक्सच्या लॉगमधली सगळ्यात निर्दय ओळ कोणती असं कुणी विचारलं, तर मला जराही विचार करावा लागणार नाही. बरीच वर्षं ती साधारण अशी उमटायची: "आउट ऑफ मेमरी: किल प्रोसेस अमुक, स्कोअर तमुक, ऑर सॅक्रिफाइस चाइल्ड". म्हणजे मेमरी संपली आहे, आता या प्रोसेसला तरी मारा, नाहीतर तिच्या पोराचा तरी बळी द्या! बकासुराचा निरोप वाटावा अशी ही भाषा, पण आहे शुद्ध सी प्रोग्रॅममधली. पोराला आधी मारायचा तो नियम २०१९ मध्ये कर्नेलमधून काढून टाकला, त्यामुळे ती ओळ आता दिसत नाही. मारणं मात्र चालू आहे.

मंडळी, आजचा विषय हाच. मेमरी संपली की कर्नेल कुणाला मारतं, आणि ते ठरवण्यात आपल्याला काही बोलता येतं का. विषय संगणकाचा असला तरी माझं गाव देगलूर त्यात दोनदा येणार आहे, एकदा मामांच्या अडत दुकानामुळे आणि एकदा विजेमुळे. आधी थोडी पूर्वपीठिका. जाणकारांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद गाळले तरी हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मेमरी संपते म्हणजे काय? मोजून दिली तर संपेलच कशी? तर गंमत तिथेच आहे. कर्नेल मोजून देत नाही. लग्नाच्या पत्रिका वाटतो तसं देतं. हजार पत्रिका वाटायच्या आणि स्वयंपाक सहाशेंचा करायचा, कारण अनुभव असा की सगळे येत नाहीत. प्रोग्रॅमने एक जीबी मागितली की कर्नेल "घे" म्हणतं, पण प्रत्यक्षात एक पानही देत नाही. प्रोग्रॅम त्या जागेत खरंच काही लिहायला गेला की तेव्हा कुठे एक-एक पान ताटात पडतं. याला ओव्हरकमिट म्हणतात. प्रोग्रॅम हे स्वभावाने हावरट असतात, मागतात ढीगभर आणि वापरतात मूठभर. त्यामुळे बहुतेक दिवस हे गणित झकास जमतं. एखाद्या दिवशी मात्र पत्रिका मिळालेले सगळेच्या सगळे पंगतीला येऊन बसतात.

मग मोजूनच द्यावं ना? तशी सोय आहे. ओव्हरकमिटचं सेटिंग शून्य, एक किंवा दोन असं ठेवता येतं. शून्य म्हणजे अगदीच अवास्तव मागणी असेल तर नाही म्हणायचं, एरवी हो. एक म्हणजे मागेल त्याला हो. दोन म्हणजे कडक हिशोब: स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक टक्का (मुळात ५० टक्के), त्यापलीकडे कुणाला वचनच द्यायचं नाही. ऐकायला दोन नंबर एकदम सज्जन वाटतो. पण चार जीबी रॅम आणि स्वॅप शून्य अशा मशीनवर त्याचा अर्थ होतो एकूण दोन जीबीचीच वचनं, आणि एकटा ब्राउझर त्याहून जास्त मागून बसतो. म्हणजे निम्मी रॅम रिकामी आणि ब्राउझर उघडायला तयार नाही! म्हणून जवळजवळ सगळीकडे शून्यच चालतं, आणि शून्य आलं की मागोमाग ओओएम किलर येतो.

हा किलर मुळात रिक व्हॅन रील यांनी लिहिला. फाइलच्या डोक्यावर त्यांचं नाव आणि १९९८, २००० ही सालं आहेत. बळी कसा निवडायचा यावर तेव्हापासून वाद आहे. २०१० पूर्वीचे नियम वाचले तर एखाद्या सरकारी कचेरीच्या सेवाज्येष्ठतेची आठवण होते. जो जास्त जागा अडवतो त्याला जास्त गुण. पण बराच काळ चालू असेल तर गुणांत सूट. रूटची प्रोसेस असेल तर गुण चौथाईवर. 'नाइस' करून मागे ठेवलेली असेल तर गुण दुप्पट. (जो मुकाट्याने मागे उभा राहिला त्यालाच दुप्पट शिक्षा, हेही ओळखीचं वाटतं की नाही?) २०१० मध्ये डेव्हिड रिएन्टीस यांनी हे सगळं मोडून सरळ केलं. आता गुण म्हणजे एकूण मेमरीत हजारात किती हिस्सा तू खाल्लास, त्यात वापरणाऱ्याने दिलेली एक अधिक-उणे संख्या मिळवायची, उणे हजार ते अधिक हजार. ज्याची बेरीज मोठी त्याला मरण. उणे हजार दिले की तो सुटला. पहिली प्रोसेस, म्हणजे इनिट, आणि कर्नेलचे स्वतःचे धागे यांना हात लावायचा नाही.

२००४ मध्ये या विषयावर एक मजेदार चर्चा झाली होती. थॉमस हॅबेट्स नावाच्या माणसाच्या स्क्रीनला कुलूप लावणारा प्रोग्रॅमच किलरने मारला. म्हणजे मेमरी वाचली, पण खोली उघडी पडली. त्यांनी सुचवलं की माफी मिळालेल्यांची एक यादी असावी. त्यावर अँड्रीस ब्राउवर यांनी एक विमान कंपनीचा दृष्टांत दिला, तो आजही लोक आठवतात. कंपनीला कळतं की कमी इंधन घेऊन उडणं स्वस्त पडतं. बहुतेक वेळा भागतं, कधीतरी इंधन कमी पडतं. मग इंजिनिअर एक यंत्रणा बनवतात, इंधन संपत आलं की एका प्रवाशाला बाहेर फेकायचं. आणि मग वाद सुरू, फेकायचा कुणाला? जाडा? म्हातारा? कमी पैशांचं तिकीटवाला? आणि फेकणाऱ्या यंत्रणेने चुकून पायलटलाच फेकलं तर? त्यांचं म्हणणं असं की मुळात कमी इंधन घेऊन उडताच कशाला. म्हणणं बरोबरच आहे. पण जग कमी इंधनावरच उडतंय. मामांचं दुकानही.

तर मामा. देगलूरच्या मोंढ्यात त्यांचं अडत दुकान आहे. ज्यांना मोंढा माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतकरी माल घेऊन येतो, सौदा होतो, मापाडी माप करतो, हमाल कट्टे उचलतात, आणि शेवटी अडत्या शेतकऱ्याच्या हातात पट्टी देतो. पट्टी म्हणजे किती क्विंटल, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली आणि हातात किती, याचा कागद. पट्टी मिळाल्याशिवाय शेतकरी हलत नाही, आणि हलूही नये. मामांच्या पट्ट्या काही वर्षांपासून एका जुन्या डबड्यावर निघतात. चार जीबी रॅम, त्याहून जास्त त्या मदरबोर्डवर बसत नाही, स्वॅप नाही, लिनक्स. आत मारियाडीबी, तिच्या पोटात सात वर्षांच्या पट्ट्या आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती. पट्टी करायचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये उघडतो. त्याच क्रोमियम ब्राउझरमध्ये मुनीमजींचं व्हॉट्सॅप, बाजारभावांची पानं, आणि दुपारनंतर कीर्तन. (धुंडामहाराज देगलूरकरांचं नाव ज्या गावावरून पडलं ते हे गाव. इथे दुकानात कीर्तन लावू नका हे सांगणं माझ्याच्याने व्हायचं नाही.)

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. सोयाबीनची आवक जोरात. हमीभाव ४८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या खाली, त्यामुळे आधीच प्रत्येकाचं तोंड वाकडं. त्यातच रोज दुपारी तीनच्या सुमाराला, नेमक्या गर्दीत, मशीन पहिल्यांदा गोठायचं. माउस हलत नाही, काही नाही. पाच-सात मिनिटांनी एकदम जिवंत व्हायचं, पण पट्टीच्या पानावर "डेटाबेस सापडत नाही". चालू असलेली पट्टी गेलेली. डेटाबेस आपोआप पुन्हा उठायचा, स्वतःची डागडुजी करायचा, मग मुनीमजी वही काढून पुन्हा पहिल्यापासून. तोवर हणेगावकडची शेवटची एसटी गाठायची असलेला एखादा म्हातारा काउंटरला टेकून उभा. आठवड्यात तीनदा असं झालं. चौथ्या दिवशी मुनीमजींनी स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवला. त्यात तीच ओळ, आता बळीच्या पोराचा उल्लेख नसलेली: मेमरी संपली, मारियाडीबीला मारलं.

का मारलं याचं गणित करून बघितलं. डेटाबेसने १.६ जीबी खाल्लेली, चार जीबीत म्हणजे हजारी ४००. क्रोमियम स्वतःच्या टॅबना आपण होऊन अधिक ३०० गुण लावून ठेवतं, की बाबा वेळ आली तर आधी यांना मारा. शहाणपणाची गोष्ट आहे. पण सगळ्यात फुगलेला टॅब होता ३०० एमबीचा, म्हणजे साधारण ७३. त्यात ३०० मिळवले की झाले ३७३. चारशेपेक्षा कमी! सत्तावीस गुणांनी कीर्तन वाचलं आणि सात वर्षांची वही मेली. कर्नेलने काही चूक केली का? त्याच्या हिशोबाने नाही. सगळ्यात मोठ्याला मारलं की एका फटक्यात सगळ्यात जास्त जागा मोकळी होते. फक्त त्याला हे कळत नाही की दुकानात जी गोष्ट सगळ्यात मोठी असते ती बहुतेक वेळा मोठी असते कारण दुकान तिच्यावरच चालतं.

फोनवर मी मामांना विचारलं, "मामा, समजा दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही, तर तुम्ही आधी काय बाहेर काढाल?"

"आरं, वही सोडून काय बी काढ की भाईर. वही गेली तर दुकान गेलं."

मागून मुनीमजींचा आवाज, "मालक, अन् चालू पट्टी?"

"ती बी वहीच की."

"आणि कीर्तन?" मी विचारलं.

जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग मामा म्हणाले, "कीर्तन ऱ्हाऊ दे. पर लईच झालं तर... परत लावता येतंय की."

बघा, संपूर्ण धोरण एका मिनिटात तयार झालं. वही कधीच नाही. चालू पट्टी शक्यतो नाही. कीर्तन जाऊ शकतं, कारण परत लावता येतं. यात कुठेही मेगाबाइट नाहीत. गेलेली गोष्ट परत आणायला काय पडेल, हा एकच निकष. आणि हे सांगू शकणारे दोघे दुकानात बसलेले होते, कर्नेलमध्ये नव्हे. शिवाय एक अडचण अशी की चालू पट्टी आणि कीर्तन एकाच ब्राउझरमध्ये. कर्नेलला दोन्ही सारख्याच अधिक ३०० वाल्या प्रोसेस. म्हणजे नुसतं धोरण असून भागत नाही. धोरण जिथे लागू करायचं तिथे भिंतीसुद्धा असाव्या लागतात.

मग एका शनिवारी बसून (इथूनच, रिमोटने) या गोष्टी केल्या.

पहिली, मारियाडीबीच्या सर्व्हिसला ओओएम स्कोअर उणे ९००. उणे हजार मुद्दाम दिले नाहीत. उणे हजार म्हणजे काहीही झालं तरी अभय, आणि उद्या डेटाबेसच बेफाम फुगला तर कर्नेल तिला सोडून बाकी सगळ्यांना एकेक करून मारत सुटेल. उणे ९०० म्हणजे शेवटून दुसरा नंबर, अमरत्व नव्हे. इथे एक बारीक नियम मला फार आवडतो. आपले गुण वाढवायला, म्हणजे "मला मारलं तरी चालेल" म्हणायला, कुठल्याही प्रोसेसला परवानगी लागत नाही. गुण कमी करायला मात्र खास अधिकार लागतो. स्वतःला वाचवा असं ज्याने त्याने म्हणून चालणार नाही, ते वरच्याने ठरवायचं.

दुसरी, ब्राउझर दोन केले. पट्टीसाठी फायरफॉक्स, बाकी सगळ्यासाठी क्रोमियम. आणि क्रोमियमचा आयकॉन असा बदलला की तो सुरू होतानाच एका कंट्रोल ग्रुपमध्ये शिरतो, ज्याची कमाल मर्यादा ९०० एमबी. मर्यादा ओलांडली की कर्नेल फक्त त्या ग्रुपमधलाच बळी शोधतं. घरातलं भांडण घरात. व्हॉट्सॅप आणि कीर्तनाने आपसात काय ते ठरवावं, वहीपर्यंत यायचं नाही.

तिसरी, अर्लीओओएम नावाचा छोटा प्रोग्रॅम. कर्नेलचा किलर अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो. तोवर कर्नेल प्रोग्रॅमांची पानंच मेमरीतून हुसकतं आणि डिस्कवरून परत वाचतं, परत हुसकतं, परत वाचतं. ती जी पाच-सात मिनिटं मशीन गोठायचं ना, ती हीच. अर्लीओओएम उपलब्ध मेमरी दहा टक्क्यांच्या खाली गेली की आधी "आवरून घे" असा सभ्य सिग्नल देतो आणि पाच टक्क्यांच्या खाली गेली की मग सरळ मारतो. कुणाला टाळायचं आणि कुणाला पसंती द्यायची याची नावं त्याला सांगून ठेवता येतात. थोडं लवकर मारणं हे पुष्कळदा दयेचं असतं, विचित्र वाटलं तरी.

परिणाम? त्या हंगामाच्या उरलेल्या दिवसांत वही एकदाही मेली नाही. कीर्तनाचा टॅब मात्र काही वेळा मेला, आणि मुनीमजी अजून मला "कीर्तन मारणारा भाचा" म्हणून ओळखतात. चालायचंच. :)

आता विजेकडे. हे सगळं करताना मला सारखं लोडशेडिंग आठवत होतं, कारण तोही हाच प्रश्न आहे. वचनं जास्त, वीज कमी, आणि कुणाला तरी अंधारात बसवायचं. मी देगलूरला शाळेत होतो तेव्हा दहा-दहा तास वीज नसणं ही बातमी नव्हती, वेळापत्रक होतं. पुढे अशा वेळापत्रकामागे नियम आला. फीडरवर वीज किती गळते आणि बिलाची वसुली किती होते, यावरून महावितरणने फीडरचे ए पासून पुढे गट पाडले. गळती जास्त तर अंधार जास्त. २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा लोडशेडिंग आलं, तेव्हाही शेवटच्या जी गटातल्या फीडरवरच भार आला. नियम अगदीच अन्यायाचा आहे असं मी म्हणणार नाही, बिल भरणाऱ्याने न भरणाऱ्याचा भार किती सोसायचा हाही प्रश्नच आहे. पण हा नियम आकड्याकडे बघतो, आणि आकडा फीडरचा असतो. त्याच फीडरवर दर महिन्याला वेळेवर बिल भरणारा गिरणीवाला असतो, एखादा दवाखाना असतो, दहावीचा अभ्यास करणारी पोरगी असते. त्यांचा गुण वेगळा मोजत नाहीत. डेटाबेसला ४०० गुण लागले तसे त्यांना लागतात.

मग २००६ मध्ये मी नोकरीला पुण्यात आलो, आणि त्याच वर्षी पुण्यात लोडशेडिंग शून्य करायची योजना सुरू झाली. ज्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते त्यांनी गर्दीच्या वेळी ते चालवायचे आणि वाचलेली वीज शहराला सोडायची, आणि त्याचा जादा खर्च पुण्याच्या ग्राहकांनी बिलातून भरायचा. उत्तम कल्पना होती, मी तिचा लाभार्थी आहे. पण फोनवर आई म्हणायची, "आत्ताच गेली बघ", आणि माझ्या डोक्यावर पंखा चालू असायचा. आज मागे वळून बघताना वाटतं, पुण्याने स्वतःचा स्कोअर उणे हजार करून घेतला होता. त्यासाठी लागणारा खास अधिकार, म्हणजे पैसे आणि जनरेटर, पुण्याकडे होते. देगलूरकडे नव्हते.

विजेच्या लोकांनी मात्र दोन गोष्टी संगणकवाल्यांच्या खूप आधी करून ठेवल्या होत्या, त्याचं श्रेय द्यायला हवं. एक म्हणजे भिंत. शेतीपंपांचा फीडर आणि गावठाणाचा फीडर वेगळा करणे. पंपांना तीन फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आलटून पालटून, आणि गावातल्या दिव्यांचा हिशोब निराळा. कंट्रोल ग्रुप म्हणजे वेगळं काय आहे? दोन म्हणजे थर. वेळापत्रकाचं लोडशेडिंग हा वरचा थर, माणसांनी शांतपणे बसून ठरवलेला, वर्तमानपत्रात छापलेला. त्याच्याखाली रिले. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून घसरत ४९ च्या आसपास आली की हे रिले कुणालाही न विचारता ठरलेले फीडर तोडतात. तिथे फोन करायला वेळच नसतो. आणि ते तुटणं पुरेसं झालं नाही तर काय होतं ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताने बघितलं, ग्रिड कोसळून साठ कोटींच्या वर वस्तीच्या प्रदेशात अंधार झाला.

संगणकातही आता हेच दोन थर दिसतात. फेसबुकच्या योहानेस वाइनर यांचं प्रेशर मोजणारं काम २०१८ च्या शेवटी ४.२० या कर्नेलमध्ये आलं. मेमरीसाठी प्रोसेसना किती वेळ ताटकळत बसावं लागतंय, हे त्यातून कळतं. म्हणजे फ्रिक्वेन्सी मीटरच. त्यावर २०२० मध्ये सिस्टमडी-ओओएमडी आलं, ते वरच्या थरातलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्ये तर हा प्रकार रोज चालतो. समोर उघडं असलेलं अ‍ॅप शून्य गुणांवर, मागे गाणं वाजवणारं दोनशेच्या घरात, कधीचं विसरलेलं नऊशेच्या वर. हे गुण कर्नेल ठरवत नाही, अँड्रॉइड ठरवतं, कारण तुम्ही आत्ता कशाकडे बघताय हे त्याला माहीत असतं.

आणि आता लोकांना खालच्या थरातही, खुद्द कर्नेलच्या आत, आपलं धोरण घालायचं आहे. त्यासाठीचं साधन म्हणजे बीपीएफ, कर्नेलच्या आत तपासून चालवले जाणारे छोटे प्रोग्रॅम. बळी निवडताना अशा प्रोग्रॅमला विचारावं, असा प्रस्ताव बाइटडान्सच्या इंजिनिअरने २०२३ मध्ये मांडला. २०२५ मध्ये रोमन गुश्चिन यांनी त्याची मोठी पॅचमाला मांडली. सीपीयू कुणाला द्यायचा हे ठरवणारा शेड्यूलर असा बाहेरून लिहायची सोय २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत आलीच होती, मग मेमरीने काय घोडं मारलंय? गुश्चिन यांच्या रचनेत मला आवडलेली गोष्ट म्हणजे शेवटचा पहारा. तुमच्या प्रोग्रॅमने खरोखर मेमरी मोकळी केली का ते कर्नेल बघतं. नुसताच विचार करत बसला असेल तर जुना किलर आपलं काम करतो. धोरण तुमचं, पण कोसळू द्यायचं नाही ही जबाबदारी त्याची. रिले राहतोच.

काही मित्र म्हणतात, एवढा उपद्व्याप कशाला, रॅम स्वस्त आहे. अरे बाबा, पुण्यात बसून वीज मुबलक आहे म्हणण्यासारखं आहे ते. ज्या मशीनमध्ये चारच जीबी बसतात आणि ज्या दुकानाला सोयाबीन पडलेल्या वर्षी नवं मशीन परवडत नाही, तिथेच तर हा प्रश्न असतो. दुसरे मित्र म्हणतात, मुळातली सेटिंग हुशार लोकांनी विचार करून ठेवली असतात, त्यात हात घालू नये. हुशार लोकांनीच ठेवली असतात, मान्य. पण त्यांनी मामांचं दुकान बघितलेलं नसतं. मुळातली सेटिंगही कुणाचं तरी धोरणच असते. आपण काही ठरवलं नाही याचा अर्थ निर्णय झाला नाही असा होत नाही. तो आपल्या गैरहजेरीत, आपली वस्तू फक्त तागडीत टाकून झालेला असतो.

बकासुराच्या गोष्टीत निदान एकचक्रा नगरीने घराघराची पाळी लावून दिली होती. भयंकर होती ती पाळी, पण ती माणसांनी दिवसाउजेडी बसून लावली होती, भुकेल्या राक्षसाने ऐन वेळी नव्हे. (भीमाची, म्हणजे नव्या रॅमची, सोय झाली तर उत्तमच.)

तेव्हा तुमच्याकडे असं एखादं जुनं मशीन असेल, कुणाच्या दुकानात, शाळेत, वाचनालयात, तर या शनिवार-रविवारी एक काम करा. आधी टर्मिनल उघडू नका. तिथे रोज बसणाऱ्या माणसाला विचारा, यातलं काय गेलं तर परत आणता येत नाही? ते कागदावर लिहा. मग त्या प्रोसेसला उणे ९००, परत लावता येण्यासारख्यांना वेगळ्या ग्रुपची भिंत, आणि एक लवकर जागा होणारा पहारेकरी. अर्ध्या तासाचं काम आहे.

असो. बराच लांबला आजचा लेख. पुढच्या शनिवारी स्वॅपबद्दल लिहीन म्हणतो, त्याच्याविषयी लोकांच्या मनात उगाच फार राग आहे. तोवर राम राम.